मासळी रुसली की गाव कशावर उभं राहतं?

खाजणकाठ

गेल्या महिन्यात गावी जाऊन आले, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. गाव मालवण तालुक्यात, समुद्राला अगदी लागून. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या दोन घरांबद्दल लिहिणार आहे ती दोन्ही माझ्या माणसांची आहेत.

दोन्ही घरांत आऊटबोर्डची, म्हणजे मागे इंजिन लावलेली, एकेक होडी आणि गिलनेटची, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकवणारी, जाळी होती. एकाच वाडीत, मध्ये तीन घरं सोडून. २०१९ साली दिवाळीच्या तोंडावर क्यार वादळ आलं. ते जातं न जातं तोच महा. पावसानंतरचे तीन महिने म्हणजे आमची वर्षाची बेगमी, बांगडा आणि सुरमई त्याच दिवसांत पैसा देतात. त्या वर्षी त्यातले बरेच दिवस होड्या वाळूवरच होत्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मासळी होती, घ्यायला कुणी नव्हतं. मग १६ मे २०२१ ला तौक्ते. एका घराची होडी खडकावर आपटून फुटली, दुसऱ्याचं इंजिन आणि जाळी गेली. नुकसान उन्नीस-बीस, आणि सरकारी मदत दोघांनाही सारखीच, म्हणजे तुटपुंजी.

आज एक घर पुन्हा समुद्रावर जातं, कर्ज बरंचसं फिटलंय, मुलगी नर्सिंगला आहे. दुसऱ्या घराने होडी विकली. तो दादा आता गोव्यात दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहे, वर्षातून दोनदा येतो. वहिनी ओसरीवर बसून असते. पूर्वी तिचं हसणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं. या वेळी मी तासभर शेजारी बसले, ती चार वाक्यंही बोलली नाही.

समुद्र तोच, वारा तोच, सरकारही तेच. मग फरक कशाने पडला? चुलत्यांना विचारलं. ते जुने रापणकर, मोजकं बोलतात. म्हणाले, "तेचा सगळा एकट्याचा होता. ह्येचा तसा नाय." एवढंच.

मला हे वाक्य अर्धंच कळलंय. समुद्र, जंगल, बाग, पाणी, ज्यांचं पोट यांतल्या कशावर आहे अशा गावांतले तुम्ही असाल, तर तुमच्याकडे फटका बसल्यावर माणसं कशाने सावरली, आणि कशाने नाही सावरली, ते लिहाल का? योजनांची यादी नको. पाहिलेलं लिहा.

---

लामणदिवा

वाचतेय. मी देशावरची आहे, म्हणून एक अगदी प्राथमिक प्रश्न. रापणकर म्हणजे नक्की काय करतात?

---

खाजणकाठ

@लामणदिवा, प्राथमिक कसला, मीच आधी सांगायला हवं होतं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते सोडत सोडत पाण्यात अर्धा फेरा मारते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग तीस-चाळीस माणसं दोन बाजूंनी ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. मासळी विकली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. आमच्याकडे वाटेकरी आजारी पडला तर त्याचा वाटा लगेच तोडत नाहीत. आजोबा गेल्यावर आजी चार वर्षं वाट्याची होती. ती दोराला नुसता हात लावायची, ओढायचं बळ तिच्यात नव्हतं, पण त्यावरून कुणी कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. आम्ही पोरं शाळेआधी दोर धरायचो, ओंजळभर पेडवे मिळायचे. ते घरी नेताना जो रुबाब असायचा तो पहिल्या पगारालाही नव्हता.

---

उधाण

धागा चांगला आहे, पण रापणीचं इतकं गोड चित्र पाहून राहवलं नाही. मी रत्नागिरीचा, माझी पर्ससीन नौका आहे, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याभोवती गोल जाळं टाकून ते खालून आवळणारी. हे आधीच सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल.

रापण आम्ही संपवली, असं सर्रास म्हटलं जातं. तुमच्या गावातली किती पोरं आज पहाटे दोर ओढायला तयार आहेत? रापणीच्या वाट्यात पोराची कॉलेजची फी निघत नव्हती, म्हणून माझ्या वडिलांनी रापण सोडली. माझ्या नौकेवर पंचवीसेक माणसं असतात, त्यांतली बरीच नेपाळची. इथल्या पैशावर तिकडे त्यांची घरं उभी राहिली आहेत. त्यांचंही पोट समुद्रावरच आहे, त्यांचंही कल्याण मोजा. गरिबी सगळ्यांनी सारखी वाटून घेतली म्हणून तिला सुख म्हणता येत नाही.

आणि वादळात मलाही कुणी सोडलं नाही. होडी बंद राहिली तर तुमचे दिवसाचे पैसे बुडतात. माझे खलाशांचे पगार, बर्फ, डिझेलची उधारी आणि बँकेचा हप्ता, सगळं चालूच राहतं.

---

काठावरचा

उधाण, तुमच्याशी वैर नाही, पण नुसत्या पोटावर बोलून हा विषय संपत नाही. नियम का आले तेही लिहूया.

राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पर्ससीनमुळे तारली-बांगड्याची अवस्था काय झाली हे पाहायला डॉ. सोमवंशी समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश निघाला. राज्याच्या हद्दीतल्या पर्ससीनला ठरावीक क्षेत्र, तेही फक्त सप्टेंबर ते डिसेंबर, आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करायचे. एलईडी दिव्यांच्या झोताने मासा गोळा करून पकडण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा आणखी कडक केला. कागद भक्कम आहे.

आता पाहिलेलं लिहितो. आम्ही रात्री जेवून अंगणात बसतो. समोर समुद्रावर उजेडाचा पट्टा दिसतो. तो कसला आहे हे घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. फोन करायचा, कुणी येणार नाही हे माहीत असायचं, आणि पहाटे आपलं जाळं घेऊन त्याच पाण्यात जायचं. मासळी कमी मिळाली म्हणून माणूस खचत नाही. कमी-जास्त तर कायमच होतं, आमचे आजे-पणजेही रिकामे परतायचे. पण ज्यावर बंदी आहे ते डोळ्यांदेखत चालतं आणि आपण काही करू शकत नाही, हे पाच-सात वर्षं रोज पाहिलं की माणूस आतून पोकळ होतो. माझा भाऊ त्या पोकळीत गेला. आता दारूतून बाहेर येतोय, हळूहळू.

---

उधाण

एलईडीची बाजू मी घेतली नाही, घेणारही नाही. भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. तो बाहेर येतोय हे चांगलं झालं.

---

सुपारीबाग

आम्ही श्रीवर्धनकडचे, रोठा सुपारीवाले. मासळी नव्हे, पण कथा तीच.

३ जून २०२० ला निसर्ग आलं. दुपारी दोन-अडीच तासांत आजोबांच्या हातची वाडी आडवी झाली. सुपारीचं झाड उत्पन्नाला यायला सहा-आठ वर्षं लागतात, नारळालाही बरीच. भाताचं पीक गेलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावता येतं. इथे पंचाहत्तरीच्या माणसाने रोप लावायचं ते कुणासाठी?

भरपाईचा हिशेब आधी हेक्टरवर आला. आमच्या वाड्या दहा-पंधरा गुंठ्यांच्या, त्यातच सुपारी, नारळ, मिरीचे वेल, जायफळ, केळी, सगळं एकावर एक. हेक्टरच्या मापात ती वाडी जवळजवळ दिसतच नाही. झाडं मोजा, म्हणून लोकांना भांडावं लागलं.

सावरलो कशाने? दोन गोष्टी सांगते. पहिले आठ दिवस वीज नाही, फोन नाही, रस्ते झाडांनी बंद. त्या आठ दिवसांत गावाने एकमेकांची छपरं झाकली. ज्यांच्याकडे करवत होती ते दिवसभर फुकट ओंडके कापत होते. दुसरी गोष्ट, माझे सासरे. दोन महिने वाडीत पाऊलच टाकलं नाही. गणपतीत मुंबईहून नातू आला, त्याने त्यांच्यासमोर खड्डा खणला आणि चुकीच्या ठिकाणी. सासरे उठले, "अरे तिथे नाही, पाटाचं पाणी पोचत नाही तिथे", आणि स्वतः कुदळ घेतली. त्या दिवशी अकरा रोपं लागली.

---

मोहटोळ

गडचिरोलीत काही वर्षं कामाला होतो, म्हणून जंगलाच्या बाजूने लिहितो.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बऱ्याच जणांना माहीत असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क मिळाल्यावरही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या हाती. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

लोक इथपर्यंतच सांगतात आणि थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीत जातो. शिवाय अभ्यास गट असतो, तिथे निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं. वर्षानुवर्षं असं बसण्याची सवय लागली की पैसा आला तरी गाव फुटत नाही आणि अडचण आली तरी.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचं तर मला जास्तच कौतुक आहे. २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने तेंदूपानं, म्हणजे विडीची पानं, तोडणंच बंद केलं. पानांसाठी फांद्या छाटाव्या लागतात, जंगलात आगी लागतात, आणि तेंदूचं फळ माणसांना नि पाखरांना मिळत नाही, म्हणून. हातातली कमाई सोडायची हा निर्णय गरीब गावाने घेतलाय. बांबूच्या कामावर गावातच मजुरी मिळते हा त्याचा आधार.

दुसरी बाजूही लिहितो. मी ज्या गावात होतो तिथे एका हंगामात तेंदूच्या ठेकेदाराने पैसे थकवले. एप्रिल-मेच्या उन्हात बायकांनी पहाटे चारला उठून पुडे बांधलेले. हक्काचा कागद हातात होता, पण हिशेब ठेवणारं, पाठपुरावा करणारं कुणी नव्हतं. तिथली तीन पोरं त्या वर्षी पहिल्यांदा तेलंगणात मिरची तोडायला गेली.

---

उधाण

मोहटोळ, माहिती उत्तम, पण जंगलाला सीमा असते. १८०० हेक्टर म्हणजे कुठून कुठे, हे गावाला माहीत असतं. समुद्रात मी आज मासा सोडला तर उद्या तो दुसऱ्या राज्याच्या बोटीच्या जाळ्यात. मग मी का सोडायचा?

---

भरतीओहोटी

बांगड्याला सागरी मैल कोण शिकवणार! :)

---

पाणलोट

@उधाण, तुमचा प्रश्न खरा आहे, पण जमिनीखालच्या पाण्यालाही कुंपण नसतं. मी बोअर घेतली तर शेजाऱ्याची विहीर आटते.

आमच्या नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव पार मोडलेलं, दारूभट्ट्या, मारामाऱ्या, लोक कामासाठी बाहेर. पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हापासूनची कथा सगळ्यांना पाठ आहे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, चर खणणं. मला महत्त्वाचा वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला ते मोजायचं, पिण्याचं नि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही. ऊस नाही. पाऊस कमी झाला तर सगळ्यांचीच पिकं बदलतात.

माझं गाव तिथून फार लांब नाही. आम्हीही चर खणले, बंधारा बांधला, फोटो काढले. बोअरबंदी मात्र जमली नाही, कारण पहिली बोअर ज्यांनी ठराव मांडला त्यांच्याच भावाने घेतली. आता पाचशे-सहाशे फुटांवर पाणी नाही. बंधारा अजून आहे, त्यावर पोरं क्रिकेट खेळतात.

---

उत्तरवारा

मी सध्या कॅनडात, न्यूफाउंडलंड बेटावर सेंट जॉन्सला असते. उधाण यांचा प्रश्न वाचून लिहायलाच हवं असं वाटलं, कारण "मी का सोडायचा" या प्रश्नावर एक अख्खा प्रांत बसला होता.

इथला मासा कॉड. शेकडो वर्षं त्यावरच वस्त्या उभ्या. मोठ्या ट्रॉलरनी खोल समुद्र उपसला. ऐंशीच्या दशकात किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार सांगत होते की मासा लहान होत चाललाय, येतच नाहीये. अंदाज बांधताना मात्र ट्रॉलरच्या आकड्यांना वजन होतं, आणि ट्रॉलर उरलेल्या माशाचे थवे शोधून शोधून पकडत होते, म्हणून आकडे बरे दिसत होते. २ जुलै १९९२ ला सरकारने उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद केली. सुमारे ३०,००० माणसं एका दिवसात बेकार. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती, व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली ती २०२४ मध्ये.

माझ्या घरमालकीणबाई तेव्हा मासे कापण्याच्या कारखान्यात होत्या. त्या सांगतात, सरकारने पैसे दिले, शिकायलाही पाठवलं, उपाशी कुणी मेलं नाही. पण पहाटे उठून करायचं काय, हेच नवऱ्याला कळेना. तो रोज धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. तरुण पोरं दूर आल्बर्टाच्या तेलावर गेली. पुढे खेकडा आणि कोळंबीने पैसा आला, तोही सगळ्यांकडे नाही, परवाने नि मोठ्या बोटी होत्या त्यांच्याकडे.

एक उलटं उदाहरणही इथलंच. फोगो नावाचं बेट आहे. साठच्या दशकात सरकार लहान वस्त्या रिकाम्या करून लोकांना मोठ्या गावांत हलवत होतं. फोगोवरच्या वस्त्यांचं एकमेकींशी फारसं पटत नव्हतं. १९६७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे लोक तिथे गेले, त्यांनी एकेका वस्तीतल्या लोकांचं बोलणं टिपलं आणि ते दुसऱ्या वस्त्यांत दाखवलं. पलीकडचेही आपल्यासारखंच बोलतात, हे लोकांना पडद्यावर कळलं. त्यातून सहकारी संस्था उभी राहिली, त्यांनी स्वतःच्या बोटी बांधल्या, कारखाना चालवला. बेट रिकामं झालं नाही, १९९२ नंतरही.

---

लामणदिवा

तो धक्क्यावर उभा राहणारा माणूस डोळ्यांपुढून जात नाही. खाजणकाठ, तुमची ओसरीवरची वहिनी आणि तो माणूस एकच आहेत असं वाटलं. मनाबद्दल अजून कुणी लिहाल का? इथे हप्ते, परवाने, झाडं सगळं मोजलं गेलं, ते मोजलं जात नाही.

---

वाळवण

मी लिहिते. पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मासे विकते. पहाटे तीनला उठते, लिलावात टोपली घेते, बाजारात बसते. घरात होडी आहे. नवरा जातो समुद्रावर. मासे आणले की त्याचं काम संपतं, माझं सुरू होतं. बर्फ, टेम्पो, बाजारातली जागा, गिऱ्हाइकाची घासाघीस. वादळात त्याचं काम बंद होतं. माझं होत नाही. मी दुसऱ्या बंदरावरून मासे आणून विकते, नसले तर सुकट विकते. म्हणून माझं डोकं ठिकाणावर राहतं. त्याचं नाही राहत. जून-जुलै बंदीचे ६१ दिवस तो घरात असतो, जाळी विणायची असतात, पण त्यालाही किती दिवस लागणार. त्या दोन महिन्यांत आमच्या वाडीत भांडणं वाढतात, गुत्त्यावर गर्दी वाढते. सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही.

आम्ही अकराजणी बचत गटात आहोत. कर्ज मिळतं हे खरं, पण मला आवडतं ते वेगळंच. महिन्यातून एकदा तासभर सगळ्या बसतो आणि त्या तासात कुणाचं काय चाललंय ते कळतं. एकीचा नवरा तीन दिवस बोलत नव्हता, ते तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला पाठवलं त्याच्याकडे, जाळं शिवायला मदत हवी असं निमित्त करून. तुमच्या वहिनीला अशा कशात तरी ओढा. ती दोनदा नाही म्हणेल. तिसऱ्यांदा जा.

---

खाजणकाठ

वाळवणताई, पहिल्यांदा लिहिताय आणि असं लिहिताय. नक्की करते.

---

घडीभर

अवांतर आहे, पण सुकट म्हटल्यावर राहवत नाही. बंदीच्या दिवसांत आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. वरून खोबरेल तेलाचे दोन थेंब. बाहेर पाऊस धो धो. मे महिन्यात आई छपरावर बांगडे वाळवायची आणि मांजरांवर पहारा द्यायची ड्यूटी माझी. एकदा झोप लागली आणि पाच बांगडे गेले, ते आई अजून मोजून दाखवते.

---

भरतीओहोटी

मांजराची बाजू कुणीतरी मांडा.

---

सुपारीबाग

अवांतर वाटत नाही मला. खारवणं, वाळवणं, मुरवणं ही आपली जुनी बेगमीच. टाळेबंदीत आमच्या गावात पहिला महिना फणसाच्या आठळ्या, सुकट आणि कुळथाच्या पिठीवर निघाला.

---

कांदळ

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाचं एक उदाहरण. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी २०१७ पासून कांदळवनाची सफर सुरू केली. स्वतः होडी वल्हवतात, झाडं, पाखरं दाखवतात. खाडी त्यांच्या पायाखालचीच, फक्त ती दाखवायचे पैसे मिळतात हे नवीन.

मंडणगड तालुक्यातलं वेळास तर प्रसिद्धच आहे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर कासवाची घरटी राखायला घेतली. ज्या गावात अंडी खाल्ली-विकली जायची तिथे पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, घरोघरी राहतात, जेवतात. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्यात अशीही योजना आहे की जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. मच्छीमारावर विश्वास ठेवून आखलेली योजना म्हणून ती मला आवडते.

---

काठावरचा

कांदळ, उदाहरणं चांगली, पण पर्यटन हे औषध म्हणून सरसकट देऊ नका. आमच्या पट्ट्यात स्कूबा आणि निवास आले, पैसा आला. कुणाला? ज्याची जमीन रस्त्याला लागून त्याला. मागच्या आळीतल्या खलाशाच्या वाट्याला पाहुण्यांच्या बॅगा आल्या. जिथे पूर्वी जाळी वाळायची तिथे आता खुर्च्या आहेत, आणि जाळी पसरली की वास येतो अशी तक्रार. शिवाय टाळेबंदीत मासळीही बंद आणि पर्यटकही बंद. दोन पाय असून दोन्ही एकाच खड्ड्यात.

मांडवीत आणि वेळासला जमलं, कारण काम गटाने नि गावाने मिळून केलं. ते विसरून नुसतं "होमस्टे काढा" म्हणणं मला पटत नाही.

२०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, तेही चांगलंच आहे. वीज, कर्ज यांत सवलती येतील. पण शेतीचा दर्जा मिळालेल्यांची अवस्था पाणलोट यांनी वर लिहिलीच आहे.

---

कांदळ

मान्य. जाळ्यांच्या जागेचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता.

---

खाजणकाठ

सगळ्यांचे आभार. आठ दिवस गप्प होते, कारण मध्ये पुन्हा गावी जाऊन आले.

चुलत्यांच्या वाक्याचा उलगडा झाला. सावरलेल्या घराची होडी एकाच्या नावावर आहे, पण ती तिघांनी मिळून घेतलेली, दोन चुलत भाऊ आणि एक शेजारी. जाळी तिघांची वेगवेगळी. होडी फुटली तेव्हा नुकसान तीन ठिकाणी वाटलं गेलं. त्या घरातली बाई स्वतः बाजारात बसते, तिचे पैसे वेगळे, आणि तौक्तेनंतर चार महिने घर तिच्यावर चाललं. वाळवणताईंनी जे लिहिलं तेच.

दुसऱ्या घराची होडी एकट्याची. कर्ज एकट्याचं, तेही दोन ठिकाणचं, आणि दुसरं घरात कुणालाच माहीत नव्हतं. दादा कुणाकडे गेला नाही. लोकांनी मदत केली नाही असं नाही, त्याने सांगितलंच नाही. चुलते म्हणाले, "रापणीत होतो तेव्हा तो दोर ओढता ओढता बोलायचो. होडी घेतल्यान आणि बोलणा बंद झाला." हे ऐकून मी रडले, कारण मीही त्याला पाच वर्षांत नीट फोन केला नव्हता.

उधाण, तुमचं एक म्हणणं मी मान्य करते. वाट्यात फी निघत नव्हती हे खरं आहे, माझंही शिक्षण गिलनेटच्याच पैशावर झालं. रापण परत आणली की सगळं परत येईल असं मला वाटत नाही. पण दोर धरल्यावर जी चाळीस माणसं रोज एकमेकांची तोंडं बघायची, त्याच्या जागी आपण दुसरं काहीच ठेवलं नाही.

वहिनीकडे दोनदा गेले. दोनदा नाही म्हणाली.

---

उधाण

वाचलं. दोन ठिकाणच्या कर्जाचं वाचून थांबलो, कारण माझंही एक असंच आहे, घरात न सांगितलेलं. आज रात्री बायकोला सांगतो.

---

वाळवण

सांगा भाऊ. ती आधी रागावेल, मग वही घेऊन बसेल. खाजणकाठ, तिसऱ्यांदा कधी जाताय?

---

लामणदिवा

मला एकदा रापण बघायची आहे. अजून लागते का तुमच्याकडे?

---

खाजणकाठ

@वाळवण, नवरात्रात. चुलते आणि वाडीतले काही जण मिळून रापण लावणार आहेत, जाळं शिवून झालंय. वहिनीला सांगितलंय की दोर ओढायला माणसं कमी पडतायत. खरंच पडतायत.

@लामणदिवा, लागते, वर्षातून थोडेच दिवस. तुम्हीही या. पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर हवं, चपला घरी ठेवा. दोराला हात लावलात तर वाटा मिळेल.